घरच्या म्युझिक प्लेयरला हार्डडिस्क दिसेना : फॅट३२, एक्सफॅट की एनटीएफएस?

खळ्यातला_रेडिओ
नमस्कार मंडळी. गणपतीला गावी, देवगडला, जायच्या आत एक गुंता सोडवायचाय म्हणून धागा काढतोय.

बाबांकडे भजनांच्या आणि नाट्यपदांच्या कॅसेटचा ढीग होता, तो सवडीने संगणकावर उतरवून घेतला. जत्रेतल्या डबलबाऱ्या (दोन भजनी बुवांचे रात्रभर चालणारे सामने) मी स्वतः रेकॉर्डरवर घेतल्यात, त्या आहेत. घरातल्या सीडी फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाज न गमावता दाबलेल्या फाइलींत, काढल्यात. सगळं मिळून सहाशे-सातशे जीबी, दोन टीबीच्या पोर्टेबल हार्डडिस्कवर.

माजघरात नेटवर्क म्युझिक प्लेयर आहे, २०१५ च्या आसपास घेतलेला. डिस्क लावली की थोडा वेळ विचार करतो आणि पडद्यावर 'नो डिव्हाइस'. पेन ड्राइव्ह मात्र लगेच वाजतो. लॅपटॉपवर हीच डिस्क नीट उघडते, प्रॉपर्टीजमध्ये एनटीएफएस लिहिलंय. प्लेयरचं मॅन्युअल कुठल्या तरी कपाटात कसरीने खाल्लं असणार.

डिस्क गेली, प्लेयर गेला की नुसतं फॉरमॅटचं लफडं? फॉरमॅट करायचं तर काय निवडू? विंडोज मला एनटीएफएस आणि एक्सफॅट एवढंच दाखवतंय.

रातांबा
मॅन्युअलची पीडीएफ कंपनीच्या साइटवर मिळते, मॉडेल नंबर टाकून शोधा. त्यात 'यूएसबी' शब्द शोधलात की एका बारीक टीपेत 'फॅट१६/फॅट३२' असं काहीतरी सापडेल. नेहमी टीपेतच असतं, खोक्यावर नसतं.

रुमाल टाकून ठेवतो. मलाही हेच करायचंय.

कातळसडा
डिस्क गेलेली नाही, प्लेयरही नाही. पेन ड्राइव्ह फॅट३२ असणार आणि प्लेयरला तेवढंच वाचता येतं.

थोडं मागचं सांगतो, म्हणजे निवड सोपी जाईल. ही तिन्ही नावं डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धतींची, म्हणजे फाइल सिस्टीमची. फॅट३२ आलं १९९६ मध्ये, विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर. रचना साधी, त्यामुळे टीव्ही, गाडीतला स्टिरिओ, झेरॉक्सवाल्याचं मशीन, सगळ्यांना ते येतं. एनटीएफएस त्याच्याही आधीचं, १९९३ च्या विंडोज एनटीपासूनचं, पण आतून गुंतागुंतीचं आणि मायक्रोसॉफ्टच्या घरचं. एक्सफॅट २००६ चं. मोठ्या कार्डांसाठी आणि पेन ड्राइव्हसाठी केलेलं, म्हणून एसडीएक्ससी कार्डं त्यातच फॉरमॅट होऊन येतात.

आता तुमच्या प्लेयरच्या पोटात बहुतेक लिनक्सच असणार, मग त्याला एक्सफॅट का येऊ नये? कारण परवाना. मायक्रोसॉफ्टने एक्सफॅटचा आराखडा खुला केला तो ऑगस्ट २०१९ मध्ये. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, ते आधी ५.४ आवृत्तीत कच्च्या स्वरूपात आलं, मग २०२० मध्ये ५.७ मध्ये सॅमसंगने दिलेला धड ड्रायव्हर आला. एनटीएफएससाठी कर्नलमधला पूर्ण वाचता-लिहिता येणारा ड्रायव्हर तर ५.१५ मध्ये, म्हणजे २०२१ मध्ये. त्याआधी डब्बे बनवणाऱ्यांना एकतर पैसे मोजून ड्रायव्हर घ्यावा लागे, नाहीतर एनटीएफएस-३जी सारखा फुकटचा पण त्या काळच्या प्रोसेसरला जड जाणारा वापरावा लागे. चार पैसे वाचवायला बहुतेकांनी फॅट३२ वर भागवलं. २०१५ चा प्लेयर म्हणजे त्याच काळातला.

आणि विंडोज फॅट३२ चा पर्याय दाखवत नाही त्याचं कारण वेगळंच आहे. फॅट३२ हे ५१२ बाइटच्या सेक्टरवर (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा सगळ्यात छोटा कप्पा) २ टीबीपर्यंत चालतं, पण विंडोजची फॉरमॅटची खिडकी ३२ जीबीच्या पुढे ते देतच नाही. ती खिडकी लिहिणाऱ्या डेव्ह प्लमरनेच पुढे सांगितलंय की १९९० च्या दशकात तात्पुरती म्हणून केली होती आणि ३२ चा आकडा त्याने तेव्हा असाच ठरवून टाकला. आपल्याकडे 'तात्पुरती' बांधलेली पत्र्याची शेड जशी पंधरा वर्षं उभी राहते, तसंच. २०२४ मध्ये विंडोज ११ च्या चाचणी आवृत्तीत कमांड लाइनपुरती ही मर्यादा २ टीबी केली, खिडकीत मात्र ३२ च. तेव्हा रूफस हे फुकट सॉफ्टवेअर घ्या, ते मोठी डिस्क फॅट३२ करून देतं. मॅकवर डिस्क युटिलिटीत 'एमएस-डॉस फॅट' निवडलं की झालं. लिनक्सवाल्यांना सांगायला नको.

फॉरमॅट म्हणजे सगळं पुसलं जाणार, हे लिहायची गरज नाही, तरी लिहितो. बाबांच्या कॅसेट पुन्हा उतरवायच्या नसतील तर दुसरी प्रत हातात असल्याशिवाय त्या डिस्कला हात लावू नका.

बांगडा_फ्राय
आमच्या वेंगुर्ल्याच्या घरातलो डबो पण असोच. माका कोणीतरी सांगल्यान म्हणून डिस्क फॅट३२ केलंय, तरी दिसणा नाय. नुसती टक् टक् करता आणि गप. पेन ड्राइव्ह लावलंय की गाणां सुरू. मगे ह्या काय प्रकरण आसा?

कातळसडा
@बांगडा_फ्राय, टक् टक् म्हणजे वीज पुरत नाही. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलीअँपिअर देतो, ३.० असेल तर ९००. अडीच इंची फिरत्या डिस्कला तबकडी सुरू करताना घटकाभर एक अँपिअरच्या आसपास लागतो. तबकडी फिरायला जाते, वीज कमी पडते, डिस्क बसते, पुन्हा प्रयत्न करते. तोच आवाज. लॅपटॉपचे पोर्ट जरा सैल हाताने वीज देतात म्हणून तिथे चालते.

बाहेरून वीज घेणारा हब मधे लावून बघा. काही प्लेयर हब मानत नाहीत, मग दोन तोंडांची वाय केबल, एक तोंड प्लेयरला आणि एक मोबाइलच्या चार्जरला. सगळ्यात बरं म्हणजे फिरती डिस्क सोडा आणि आत फिरणारं काहीच नसलेली एसएसडी घ्या, ती सुरू होताना असा झटका मागत नाही.

आणि ते जमेपर्यंत ती डिस्क तिथे लावून ठेवू नका. अशी अर्धवट सुरू-बंद होण्याने डिस्कच मरते.

बांगडा_फ्राय
चार्जर लावलंय, चलता! देव बरां करो.

आगरातली
कातळसडा यांनी सगळं सांगितलंय, तरी एक राहिलं. पार्टिशनचा तक्ता. फॉरमॅट बरोबर असूनही डिस्क न दिसण्याचं हे दुसरं मोठं कारण आणि कोणी तपासत नाही.

डिस्कच्या सुरुवातीला कुठला भाग कुठून कुठवर हे लिहिलेलं असतं. जुनी पद्धत एमबीआर, नवी जीपीटी. जुन्या प्लेयरना जीपीटी कळतच नाही, आत फॅट३२ असलं तरी त्यांना डिस्क कोरी दिसते. त्यातून डिस्क मॅकवर तयार केली असेल तर जीपीटीत सुरुवातीला २०० एमबीचा एक लपलेला ईएफआय भाग पडतो. काही डबे पहिला भाग तेवढा बघतात, त्यात गाणी नसतात, संपलं. गुहागरला आमच्या शेजारच्या काकांच्या प्लेयरचं हेच झालं होतं. सगळे फॅट३२ फॅट३२ करत बसलेले आणि डिस्क आणली होती भाच्याच्या मॅकवरून.

रूफसमध्ये 'पार्टिशन स्कीम' अशी चौकट आहे, तिथे एमबीआर निवडा. एकच भाग करा. दोन भाग करून एकात फोटो नि एकात गाणी असलं काही नको.

माझं मत विचाराल तर खळ्यातला_रेडिओ यांनी ती दोन टीबीची डिस्क फॉरमॅट करूच नये. ती एनटीएफएसच राहू दे, ती मूळ प्रत. प्लेयरसाठी वेगळी डिस्क घ्या, त्याला जे रुचतं त्या फॉरमॅटमध्ये करा आणि त्यावर नक्कल टाका. प्लेयरला लावलेली डिस्क मेली तर मरू दे, अशी तयारी पाहिजे. कोकणात तर पाहिजेच. खारी हवा, पावसाळ्यात चार महिने भिंती ओल्या, यूएसबीच्या पितळी तोंडावर हिरवा थर चढतो. कायमची लावून ठेवलेली कुठलीही वस्तू इथे संपायलाच ठेवलेली असते.

पडाव
एवढा खटाटोप कशाला? रास्पबेरी पाय हा छोटा संगणक घ्या, त्याला डिस्क लावा, लिनक्सच्या एक्स्ट४ मध्ये फॉरमॅट करा, सांबा किंवा मिनीडीएलएनए हे नेटवर्कवर फाइली देणारं सॉफ्टवेअर टाका. प्लेयर नेटवर्कचा आहे म्हणताय ना? मग तो गाणी नेटवर्कवरून घेईल. नेटवर्कवरून येताना फाइल सिस्टीम कुठली याच्याशी प्लेयरला काही देणंघेणं नसतं, ती पाय वाचतो आणि पुढे नुसती फाइल देतो. एका फाइलला ४ जीबीची मर्यादा नाही, एमबीआरची भानगड नाही, डिस्क उचलून लॅपटॉपला लावायची गरज नाही. २०२६ मध्ये फॅट३२ म्हणजे कंदिलात रॉकेल भरणं झालं.

आगरातली
@पडाव, आमच्याकडे अजून कंदील लागतो हो :)

पाय तुम्ही बसवाल. तुम्ही पुण्याला गेलात की मागे तो बंद पडल्यावर एसएसएचने, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून कमांड देत, आत कोण शिरणार, बाबा? डिस्क थेट प्लेयरला असली की वायफाय गेलं, फायबर तुटली, राउटर जळला, तरी इन्व्हर्टरवर गाणी वाजतात. सकाळच्या भूपाळ्या राउटरवर अवलंबून नकोत.

पडाव
राउटरला इंटरनेट नसलं तरी घरातल्या घरात नेटवर्क चालतं, ताई. फायबर तुटली तरी गाणी वाजतील. वीज गेली तर राउटर आणि पाय दोन्ही छोट्या यूपीएसवर टाकायचे.

एक मान्य. पायचं एसडी कार्ड अचानक वीज जाण्याने खराब होतं. त्यावर उपाय आहे, रास्पी-कॉन्फिगमध्ये ओव्हरले फाइल सिस्टीम चालू करा, मग कार्डावर काही लिहिलंच जात नाही. नुसती वीज काढली तरी चालतं.

आणि जुन्या प्लेयरबाबत एक सावधगिरी. विंडोजचं फोल्डर शेअर वाचणारे तेव्हाचे प्लेयर बहुतेक एसएमबी१ ही शेअरची जुनी भाषा बोलतात. ते असुरक्षित म्हणून विंडोज १० मध्ये २०१७ पासून मुळात बसवूनच येत नाही आणि सांबाही हल्ली स्वतःहून देत नाही. ते उकरून चालू करत बसण्यापेक्षा डीएलएनए वापरा.

सुरंगीचा_वळेसर
वाचतेय. माझा प्रश्न विजेचाच. दापोलीजवळ राहते. निसर्ग वादळानंतर, जून २०२० मध्ये, आमच्याकडे आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, ते सोडा, पण एरवीसुद्धा पावसाळ्यात दिवसातून किती वेळा येते-जाते त्याचा हिशोब कोणी ठेवत नाही. गाणं चालू असताना वीज गेली तर डिस्कवरच्या फाइली खराब होतात का? कुठलं फॉरमॅट त्यात टिकतं?

कातळसडा
चांगला प्रश्न, आणि याचं उत्तर 'एनटीएफएस टिकतं' एवढंच देऊन लोक मोकळे होतात.

एनटीएफएस आणि एक्स्ट४ दोन्ही जर्नल ठेवतात. म्हणजे डिस्कवरच्या नोंदींत काही बदल करायचा तर तो आधी वहीत टिपायचा, मग करायचा. मध्येच वीज गेली तर पुढच्या वेळी वही बघून काम पुरं करायचं किंवा मागे घ्यायचं. फॅट३२ आणि एक्सफॅटला ही वही नाही. त्यातल्या त्यात फॅट३२ मुख्य तक्त्याच्या दोन प्रती ठेवतं, एक्सफॅटमध्ये सहसा एकच असते. म्हणून वीज जाण्याच्या बाबतीत एक्सफॅट सगळ्यात नाजूक, असं माझं मत.

पण हे सगळं लिहिताना वीज गेली तर. नुसतं वाचताना गेली तर फाइल सिस्टीमचं काही बिघडत नाही. खरा प्रश्न असा की तुमचा प्लेयर डिस्कवर काही लिहितो का? पुष्कळ प्लेयर गाण्यांची सूची, कव्हरची छोटी चित्रं असलं काहीतरी गुपचूप डिस्कवरच ठेवतात. तुम्हाला वाटतं आपण नुसते ऐकतोय आणि तो आत लिहीत बसलेला असतो. डिस्क लॅपटॉपला लावून लपलेल्या फाइली दाखवा. तुम्ही न टाकलेलं एखादं फोल्डर दिसलं तर समजा. सेटिंगमध्ये सूची बनवणं बंद करता येत असेल तर करा, नसेल तर ती सूची पूर्ण होईपर्यंत तरी विजेची हमी ठेवा, म्हणजे इन्व्हर्टरवर.

एनटीएफएसची स्वतःची एक खोड आहे. डिस्क लॅपटॉपवरून 'सेफली रिमूव्ह' न करता ओढून काढली की तिच्यावर 'अस्वच्छ' असा शिक्का राहतो. विंडोज तो शिक्का बघून मुकाट दुरुस्ती करतं. लिनक्सवाला प्लेयर मात्र अडून बसतो, कधी नुसतं वाचू देतो, कधी डिस्कच घेत नाही. 'काल चालत होती, आज दिसत नाही' अशा एनटीएफएसच्या तक्रारींत मी आधी हेच बघतो. विंडोजला पुन्हा लावायची, चेकडिस्क चालवायचं, नीट बाहेर काढायची.

फिरत्या डिस्कला वीज जाण्याचा यांत्रिक त्रास होतो तो वेगळाच, सुई घाईघाईत जागेवर घ्यावी लागते. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, त्या स्मार्टच्या अहवालात 'पॉवर ऑफ रिट्रॅक्ट' नावाचा आकडा असतो, तो बघून ठेवा.

सुरंगीचा_वळेसर
प्लेयर लिहितो! लपलेल्या फाइली दाखवल्यावर एक फोल्डर दिसलं, मी कधी न बनवलेलं. आता इन्व्हर्टरवर घेते. धन्यवाद.

खळ्यातला_रेडिओ
सगळ्यांचे आभार. मॅन्युअलची पीडीएफ मिळाली, रातांबा म्हणाले तसंच, टीपेत 'फॅट१६/फॅट३२, एमबीआर'. आगरातली ताईंचा सल्ला पटला. मूळ डिस्क तशीच ठेवतोय. एका जुन्या लॅपटॉपमधली एक टीबीची एसएसडी पडून होती, ती खोक्यात घालून रूफसने फॅट३२ केली. प्लेयरने ओळखली!

पण कॉपी करताना डबलबाऱ्यांवर गाडं अडलं. 'फाइल फारच मोठी आहे' म्हणतं. एसएसडीवर जागा भरपूर आहे. या रेकॉर्डिंगचे रेकॉर्डरने तुकडे पाडले होते, ते मी जोडून रात्रभराची एकेक सलग फाइल केली होती. २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झ, वेव्ह.

रातांबा
फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही. जागा कितीही असू दे.

कातळसडा
नेमकं सांगायचं तर ४ गिबीबाइटला एक बाइट कमी, कारण फाइलचा आकार लिहायला तिथे ३२ बिटच ठेवलेत. हिशोब करून बघा. ४८ किलोहर्ट्‌झ गुणिले ३ बाइट गुणिले २ चॅनेल, सेकंदाला २,८८,००० बाइट. म्हणजे तासाला १ जीबीच्या जरा वर, आणि ४ तास ८ मिनिटांच्या आसपास हद्द गाठली. सीडीच्या दर्जात, १६ बिट ४४.१ मध्ये, पावणेसात तास मिळतात. ९६ किलोहर्ट्‌झला घेतलं असतंत तर दोन तास. डबलबारी पहाटेपर्यंत चालते, त्यामुळे हा अडथळा कोकणातल्या भजनवाल्यांनाच जास्त यायचा!

एक्सफॅटला गेलात तरी सुटणार नाही. वेव्हच्या स्वतःच्या हेडरमध्येही आकारासाठी ३२ बिटच असतात. त्याच्या पलीकडची फाइल सॉफ्टवेअर आरएफ६४ वगैरे प्रकारात ठेवतं, ती जुना प्लेयर वाजवत नाही. रेकॉर्डरने तुकडे पाडले ते याच कारणाने.

उपाय सोपा आहे. फ्लॅक करा. एक थेंबही आवाज न गमावता आकार साधारण निम्मा ते दोन-तृतीयांश होतो. टाळ-झांजांचा गजर जास्त असेल तर जरा कमी दाबलं जाईल. तरीही मोठी झाली तर तुकडे करा.

पडाव
@खळ्यातला_रेडिओ, फाइल सिस्टीम सोडा, ऐकणाऱ्याच्या बाजूनेही तुकडेच बरे. पाच तासांच्या एका फाइलमध्ये बाबा दुसऱ्या बुवांचा गजर कसा शोधणार? जुन्या प्लेयरवर पुढे पळवायला बटण दाबून उभं राहायचं. ऑडॅसिटीत लेबल टाका, पहिल्या बुवांचा अभंग, गौळण, गजर, मग दुसऱ्या बुवांची बारी, आणि लेबलांप्रमाणे वेगवेगळ्या फाइली एक्स्पोर्ट करा. प्रत्येक लेबलची वेगळी फाइल निघते. मूळ डिस्कवर सलग राहू द्या.

(यावेळी मी फॅट३२ ला नावं ठेवणार नाही.)

खळ्यातला_रेडिओ
केलं. लेबलं टाकायला बाबाच फोनवर बसले होते, 'आता गजर सुरू होईल बघ' म्हणून आधीच सांगत होते.

आता नवीन दोन तक्रारी. एक, गाणी नावाच्या क्रमाने न लागता कशीही लागतात. दोन, मराठी नावं प्लेयरच्या पडद्यावर चौकोन चौकोन दिसतात. फोनवरच्या अॅपमध्ये मात्र मराठी नीट दिसतं.

आगरातली
क्रमाचं कारण फॅट. फोल्डरमधल्या नोंदी ज्या क्रमाने कॉपी झाल्या त्या क्रमाने तिथे पडतात. संगणक दाखवताना त्या नावाप्रमाणे लावून दाखवतो, साधे प्लेयर जशा आहेत तशा वाजवतात. तुम्ही एकदम सगळं निवडून ओढलंत की विंडोज कधी शेवटचं आधी टाकतं. फोल्डर रिकामं करून पुन्हा एका क्रमाने कॉपी करा, किंवा लिनक्सवर फॅटसॉर्ट नावाचं छोटं साधन आहे, ते नोंदी जागच्या जागी नावाप्रमाणे लावतं. नावाच्या सुरुवातीला आकडे घाला, पण इंग्रजी आकडे, शून्य आधी लावून. मराठी आकडे युनिकोडमध्ये इंग्रजी अक्षरांच्याही नंतर येतात, दोन्ही मिसळलेत की घोळ.

गाण्यांत टॅग (फाइलीतच लिहिलेलं गाण्याचं नाव, अल्बम, क्रमांक) असतील तर 'फोल्डर'ऐवजी 'अल्बम'मधून लावा, मग प्लेयर ट्रॅक क्रमांक बघतो.

कातळसडा
चौकोनांचा फाइल सिस्टीमशी संबंध नाही. फॅट३२ चं लांब नाव युनिकोडमध्येच साठतं, मराठी नाव तिथे शाबूत आहे. प्लेयरच्या पडद्याच्या फाँटमध्ये देवनागरी नाही एवढंच. फोनवर नीट दिसतं कारण तिथे अक्षरं फोन काढतो. काही प्लेयरांत देवनागरी फाँट असतो पण अक्षरजुळणी नसते, मग ऱ्हस्व वेलांटी पुढच्या अक्षरावर जाऊन बसते आणि 'गणपती'चं ठीक पण 'विठ्ठला'चे हाल होतात.

फाइलचं नाव रोमनमध्ये ठेवा, टॅग मराठीत. बाबा अॅप वापरत असतील तर त्यांना मराठी दिसेल, पुढच्या पडद्यावर रोमन. एमपी३ असतील तर टॅगची, म्हणजे आयडी३ ची, २.३ आवृत्ती युटीएफ-१६ मध्ये ठेवा, जुन्यांना तीच जास्त पचते. जुनी १ ली आवृत्ती मात्र काढून टाका, तिच्यात ३० अक्षरं आणि तीही रोमन, काही डबे आधी तीच वाचतात.

अवांतर, पडाव यांच्या एक्स्ट४ वाल्यांसाठी. तिथे फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे आणि युटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. म्हणजे काना-मात्रा-वेलांट्या धरून ८५ चिन्हं. फॅट३२, एक्सफॅट, एनटीएफएस तिघांतही २५५ चिन्हं बसतात. 'अमुक बुवा विरुद्ध तमुक बुवा, अमक्या देवीची जत्रा, रात्रौ ठीक दहा वाजता' असलं हँडबिलाएवढं नाव ठेवणाऱ्यांची फाइल विंडोजवरून पायवर कॉपी होत नाही ती यामुळे.

पडाव
हे मला माहीत नव्हतं, आणि आमच्याकडे अशी नावं आहेत.

भाचा_मॅकवाला
धाग्यात माझ्यासारख्यांची बदनामी चालली आहे म्हणून आलो :) मॅकवरून कॉपी केलेल्या डिस्कवर प्रत्येक गाणं दोनदा दिसतं, त्यातलं एक वाजत नाही. काय करावं? आणि एक प्लेलिस्ट केली होती, त्यातली काहीच गाणी लागतात.

कातळसडा
दुसरं गाणं म्हणजे टिंब आणि अंडरस्कोअरने सुरू होणारी छोटी फाइल. मॅकला फाइलबद्दलची जास्तीची माहिती ठेवायला फॅट किंवा एक्सफॅटमध्ये जागा नसते, म्हणून तो ती वेगळ्या फाइलीत ठेवतो. मॅकवर त्या लपलेल्या असतात, प्लेयरला गाणंच वाटतं. टर्मिनलमध्ये डॉट_क्लीन ही कमांड डिस्कवर चालवा, साफ होतं.

प्लेलिस्टचं. न लागणाऱ्या गाण्यांच्या नावांत 'ऱ' आहे का बघा. 'किनाऱ्यावर', 'वाऱ्यावर' असलं काही? युनिकोडमध्ये हे अक्षर दोन प्रकारे लिहिता येतं, एकच चिन्ह म्हणून किंवा 'र' आणि नुक्ता अशी जोडी म्हणून. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टीम नावं फोडून जोडीने साठवते. तिथे बनवलेल्या प्लेलिस्टमध्ये जोडी, डिस्कवरच्या नावात एकच चिन्ह, डोळ्यांना दोन्ही सारखी, प्लेयरला वेगळी.

भाचा_मॅकवाला
'दर्यावरच्या वाऱ्यावर' नावाचं फोल्डर आहे. त्यातलंच एकही लागत नव्हतं. फोल्डरचं नाव बदलतो.

रातांबा
माझा रुमाल अजून तिथेच आहे. मला नवीन प्लेयर घ्यायचाय आणि चार टीबीची डिस्क आधीच घेऊन ठेवली आहे. मग काय?

आगरातली
चार टीबीला एमबीआर पुरत नाही, ५१२ बाइटच्या सेक्टरवर ते २ टीबीच्या पुढचं मोजूच शकत नाही. म्हणजे जीपीटी आलं आणि फॅट३२ गेलं. प्लेयर घेताना तीन गोष्टी लेखी बघा, जीपीटी वाचतो का, एक्सफॅट किंवा एनटीएफएस वाचतो का, आणि डिस्कची कमाल क्षमता किती म्हणतो. फाइलींच्या संख्येचीही मर्यादा असते, एका फोल्डरमध्ये किती आणि एकूण किती, तीही टीपेतच. दुकानदाराच्या 'सगळं चालतं हो'वर जाऊ नका, डिस्क घेऊन दुकानात जा आणि लावून दाखवायला सांगा. घरात सगळे विंडोजवाले असतील आणि प्लेयर घेत असेल तर मी एनटीएफएस घेईन, विजेमुळे. मॅकही असेल तर एक्सफॅट, कारण मॅक एनटीएफएस वाचतो पण त्यावर लिहीत नाही.

डिस्क फिरती असेल तर तिचा वेगळा अॅडाप्टर आहे ना, तेही बघा. साडेतीन इंची असेल तर असतोच.

रातांबा
साडेतीन इंची आहे, अॅडाप्टर आहे. शनिवारी डिस्क पिशवीत घालून रत्नागिरीला जातो.